गोधडीचा चौथा कोपरा

“उसव,” आई म्हणाली आणि तिनं ब्लेड माझ्या पुढ्यात ठेवलं.

“मी नाही उसवणार.”

“पमे, पाव्हणं चारला येणार हायत. उसव म्हणते ना!”

“आई, कापडाची चाळण झालीय. चार वेळा उसवलाय हा कोपरा. आता उसवला तर तुकडे हातात येतील.”

“येऊ देत की. तेच दाखवायचं हाय. पोरगी शिवत बसलीय असं दिसाय नको?”

आईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी गोधडी मांडीवर घेतली आणि ब्लेडच्या टोकानं एकेक टाका तोडायला लागले. टाके माझे नव्हते, त्यामुळे तोडताना वाईट वाटण्याचं कारण नव्हतं. उलट बरंच वाटत होतं.

आम्ही साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. आप्पा कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. मी सोळा वर्षांची आणि माझी थोरली बहीण हेमलता, म्हणजे हेमाताई, एकवीस वर्षांची. ताईला बघायला कुणी आलं की आई तिचं हस्तकौशल्य बाहेरच्या खोलीत मांडायची. दारावर लोकरीचं तोरण, टेबलावर मण्यांचा राजहंस आणि चटईवर गोधडी. यातलं एकही ताईनं केलेलं नव्हतं. तोरण मामीचं होतं, राजहंस शेजारच्या गोसावीकाकूंचा होता आणि गोधडी माझी होती.

वसाहतीतल्या शिंप्याकडची कात्रणं आणून, दोन-दोन इंचांचे चौकोन कापून मी ती दीड वर्षं शिवत होते. चोवीस ओळी, ओळीत चोवीस तुकडे. चार तुकड्यांची टोकं जिथं भेटतात त्या जागेला मी चौफुला म्हणायचे. चौफुल्यावर चारी शिवणी एका बिंदूत भेटल्या पाहिजेत, केसाइतकंही इकडंतिकडं चालायचं नाही, हा माझा कायदा. जिथं चुकलं तिथं उसवलं आणि परत शिवलं. लोक गोधडीची ऊब बघतात, मी चौफुले मोजायचे. मला त्यात गर्व होता आणि तो मी लपवतही नव्हते.

गोधडी पुरी मात्र होऊ दिली नव्हती. तीन कोपरे झाले आणि चौथ्या कोपऱ्यातले शेवटचे चार तुकडे राहिले, तेवढ्यात ताईला पहिलं स्थळ आलं. आईच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. पाहुणे आत शिरतील तेव्हा ताई सुई-दोरा घेऊन तो कोपरा शिवत बसलेली दिसली पाहिजे. ताईनं चार तुकडे कसेबसे जोडले. तिचं मोठ्यानं हसणं त्या लोकांना खपलं नाही. दुसऱ्या स्थळासाठी कोपरा उसवला, ताईनं परत शिवला. त्यांना उंची जास्त वाटली. मग तिसरं, मग चौथं. पाचव्यांनी काही कारणच दिलं नाही, नुसते पोहे खाल्ले. आता सहावं.

अस्तर अजून लावायचं होतं, त्यामुळे गोधडी उलटी केली की सगळ्या शिवणी उघड्या दिसायच्या. आईनं याचा कधी विचार केला नव्हता, कारण आजवर एकाही पाहुण्यानं गोधडी उलटून बघितली नव्हती.

मोकळे झालेले चार तुकडे घेऊन मी परसात गेले. ताई आप्पांची सायकल उलटी टाकून चाकाच्या बेअरिंगला तेल देत होती. हे तिचं खरं हस्तकौशल्य. पंक्चर, ब्रेक, चेन, शिवाय वसाहतीतले निम्मे स्टोव्ह तिच्या हातचे. पण चटईवर स्टोव्ह मांडून मुलगी दाखवायची पद्धत नव्हती.

“ताई, आज पाहुणे आहेत. नखं बघ तुझी!”

तिनं हात फडक्याला पुसले आणि इकडंतिकडं बघून म्हणाली, “पमे, हा मला हवाय.”

“कोण हा?”

“आज येणारा. जयवंत भोईटे.”

मग तिनं सांगितलं. महिन्यापूर्वी फलटणच्या एसटी स्टँडबाहेर एक मुलगा सायकलच्या चेनशी झटत होता. हिनं त्याला बाजूला केलं आणि चेन बसवून दिली. त्यानं आभार मानले आणि त्याच हातानं कपाळाचा घाम पुसला. सगळं तोंड काळं झालं.

“मी हसले. तुला माहितीये मी कशी हसते. निम्मा स्टँड वळून बघायला लागला. आणि तो काय म्हणाला असेल? म्हणाला, आणखी हसा.” ताई चाक फिरवत राहिली. “नाव-गाव विचारलं त्यानं. आणि आठवड्यानं स्थळ आलं.”

“मग झालं की! त्याला तू पसंतच आहेस.”

“त्याला आहे गं. पण त्याचे आई-वडील लहानपणीच गेले. आत्यानं वाढवलाय. आत्या हो म्हणेल तर हो. आणि आत्या कोण माहितीये? मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवत होती.”

मी हातातल्या चार तुकड्यांकडं बघितलं.

“मला शिकव,” ताई म्हणाली. “चार वाजायला पाच तास आहेत.”

मी शिकवलं. दोन तुकडे जोडले की शिवणीची आतली कड एका बाजूला दुमडायची आणि नखानं दाबायची. त्याखालच्या जोडीची कड उलट बाजूला. एक डावीकडं, एक उजवीकडं. मग दोन्ही जोड्या समोरासमोर ठेवल्या की त्या दोन कडा एकमेकींना येऊन टेकतात, बोटाला कळतं. तिथंच टाचणी लावायची आणि कापड न ओढता धावदोरा घालायचा.

“कळलं,” ताई म्हणाली आणि शिवलं. चौफुला सरकला होता.

“सूतभर सरकलंय,” मी म्हणाले.

“सूतभर! गोधडी सूतभर सरकली तर थंडी वाजते का कुणाला?”

“मला वाजते.”

दुसऱ्यांदा शिवलं. आता दुसऱ्या बाजूला सरकलं. तिसऱ्यांदा तिनं टाचणी बोटात घुसवून घेतली. कात्रणांच्या तुकड्यांवर तिनं अकरा चौफुले केले आणि अकराही निरनिराळ्या प्रकारे चुकले. चुकांत एवढी विविधता मी त्याआधी पाहिली नव्हती. शेवटी ताईनं सुई ठेवली आणि ती आंघोळीला गेली.

पाहुणे बरोबर चारला आले. आत्या, म्हणजे तानुबाई, लहानखुऱ्या, जाड चष्म्याच्या, हातात छत्री. मागं जयवंत, उंच, कान थोडे पुढं आलेले. मी आतल्या दाराच्या पडद्याआडून बघत होते. ताई चटईवर सुई-दोरा घेऊन बसलेली, शेजारी गोधडी, समोर चार तुकडे. आई म्हणाली, “अगं बाई, आलात का? हिला शिवणाचा नाद लागला की ध्यानच राहत न्हाई बघा!” हे वाक्य ती सहाव्यांदा म्हणत होती.

तानुआत्यांनी पाणी घेतलं नाही, खुर्ची घेतली नाही. त्या सरळ चटईवर बसल्या, गोधडी ओढून घेतली आणि उलटी केली.

आईचा चेहरा पडला. आप्पा “बसा की, वर बसा” म्हणाले. तानुआत्यांनी अंगठा एका ओळीवरून फिरवत नेला. मग दुसऱ्या ओळीवरून. प्रत्येक चौफुल्यावर अंगठा क्षणभर थांबायचा आणि पुढं जायचा. माझं काळीज त्या अंगठ्याबरोबर चाललं होतं. दीड वर्षात माझी गोधडी पहिल्यांदाच कुणीतरी वाचत होतं. मला बाहेर धावत जाऊन सांगावंसं वाटलं, अकराव्या ओळीतला सातवा बघा, तो पाच वेळा केलाय!

“कुणी शिवली?” तानुआत्यांनी विचारलं.

“हेमानंच की,” आई म्हणाली.

“पोरी, ओळी कुठल्या अंगाला दुमडल्यास?”

“एक डावीकडं, एक उजवीकडं,” ताई म्हणाली. मी पडद्याआड श्वास सोडला.

“आन ते का?”

“म्हणजे जोडताना दोन्ही एकमेकींत अडकतात. घसरत नाहीत.” एवढ्यावर थांबली असती तर बरं. पण ताई म्हणाली, “चक्रीचे दात चेनमध्ये बसतात ना, तसं.”

जयवंतला ठसका लागला. तानुआत्यांनी चष्म्यावरून एकदा त्याच्याकडं आणि एकदा ताईकडं बघितलं.

“बरं. हे चार तुकडे राहिलेत, तेवढे लाव की. मी बघते.”

आई लगबगीनं म्हणाली, “हितं उजेड कमी हाय. आन पोहे आणायचेत तिला.”

“मग आत बसून लावू दे. मी काय परीक्षेला बसवत न्हाई तिला. रिटायर झाले मी.”

ताई चार तुकडे घेऊन स्वयंपाकघरात आली आणि तिनं ते माझ्या हातात कोंबले.

“लवकर,” मी म्हणाले, “तू पोहे ने, मी शिवते. असं शिवते की बाई बघतच राहतील.”

“नको!” ताईनं माझं मनगट धरलं. “पमे, ऐक. वाकडं शिव.”

“काय?”

“वाकडं शिव. माझ्यासारखं. मी सांगेन, घाबरले, हात थरथरला. त्या म्हणतील, असू दे. पण सरळ शिवलंस, तर त्या घरात मला जन्मभर सरळ शिवावं लागेल. तू काय माझ्याबरोबर येणार आहेस का?”

बोलणं बरोबर होतं. ताईचं डोकं असल्या बाबतीत फार चांगलं चालायचं.

“शप्पथ घे,” ती म्हणाली. मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. ती पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेली.

मी खरंच प्रयत्न केला. हे मी आजही कुणापुढंही सांगेन. दोन तुकडे घेतले आणि धावदोरा मुद्दाम तिरका घातला. बघितलं. अंगावर काटा आला. म्हटलं, चौफुला वाकडा ठेवू, पण निदान ही एक शिवण सरळ असू दे. ती उसवून सरळ घातली. दुसरी जोडी केली. एक तुकडा पाच वेळा उसवून उसवून कडेनं विरला होता, बाकीच्यांपेक्षा थोडा कमी भरत होता. आता अशा तुकड्याला बरोबरीनं बसवणं सोपं नसतं. बाकीच्यांना थोडं थोडं मागं घेत, तो तुकडा न ताणता, टाके बारीक करत आणावं लागतं. ते मला जमेल का, एवढंच मी बघत होते. दोन्ही जोड्या समोरासमोर ठेवल्या, कडा बोटाखाली येऊन टेकल्या, टाचणी लावली. मग कुठली ताई आणि कुठली शपथ!

भानावर आले तेव्हा माझ्या हातात माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर चौफुला होता. ताई आत आली, तिनं तो न बघताच उचलला आणि बाहेर नेऊन तानुआत्यांच्या हातात दिला. मी परत पडद्याआड आले.

तानुआत्यांनी तो सुलटा बघितला, उलटा बघितला. मग खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. बराच वेळ धरला.

“झकास,” त्या म्हणाल्या. “आमच्या शाळेत असती तर पैलं बक्षीस दिलं असतं.”

आईनं आप्पांकडं विजयानं बघितलं.

“पण एक सांगा मला. ह्या तुकड्यांवर सुईच्या जुन्या भोकांच्या ओळी हायेत. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचदा शिवलंय आन पाचदा उसवलंय. म्हणजे आमचं सहावं ठिकाण, न्हवं का?”

आप्पांनी बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“त्याचं काय न्हाई. पोरीला पाच लोक बघून गेले तर पोरीचा दोष न्हाई. पण ह्या पाच ओळी बघा. शेळी चरत गेल्यागत हिकडं तिकडं. आन ही सहावी, आजची, दोरी आखल्यागत. पाच वेळेला न सुधारलेला हात पाव घंट्यात सुधारत न्हाई. तीस वर्षं पोरींच्या कॉप्या पकडल्यात मी.” त्यांनी पडद्याकडं मान वळवली. “ती कोण हाय, बाहेर ये. पाय दिसतायत तुझे.”

मी बाहेर आले. ताईनं माझ्याकडं बघितलं, मग त्या चौफुल्याकडं, आणि तिला सगळं कळलं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती ओठ दाबून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तसं माझ्याही आलं. मी वाकडं शिवलं असतं तर जुन्या ओळींत ते मिसळून गेलं असतं, कुणाला कळलंही नसतं. माझ्या दोन इंचांच्या मिजाशीपायी मी ताईचं लग्न मोडलं होतं.

“मला शिवता येत नाही,” ताई म्हणाली. “गोधडी पमीची आहे. तोरण मामीचं, राजहंस गोसावीकाकूंचा. पोहे माझे आहेत. मला पंक्चर काढता येतं, स्टोव्ह दुरुस्त करता येतो. शिवण नाही येत. आज सकाळी अकरा वेळा करून बघितलं.”

“हेमे!” आईनं कपाळावर हात मारला.

तानुआत्या माझ्याकडं वळल्या. “ही तुला सरळ शिव म्हणाली?”

“नाही,” मी म्हणाले. “वाकडं शिव म्हणाली होती.”

“मग?”

“मला... मला जमलं नाही.”

तानुआत्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्या हसायला लागल्या. चष्मा नाकावरून घसरला तरी हसतच राहिल्या. “जमलं न्हाई म्हणती! आरं देवा! मला बी जमलं नसतं गं!”

जयवंत पुढं सरकला. तो म्हणाला, “आत्या, मी सांगितलं होतं ना, स्टँडवर एक मुलगी...”

“हुशार हाय म्हणालास. चेनचं काय बोलला न्हाईस. त्या दिवशी काळं तोंड घेऊन आलास, मला वाटलं कुठं पडलास.” मग त्या आईला म्हणाल्या, “हे बघा, शिवणारी घरात मी एक हाय, तेवढी बास. दोन शिवणाऱ्या एका घरात आल्या तर एका सुईवरनं भांडतील. स्टोव्ह मात्र दोन महिने झाले बंद हाय आमचा. ह्यानं तीनदा उघडला, तीनदा वाटोळं केलं.”

ताई रडता रडता हसली. तिचं ते हसणं बाहेर वजनकाट्यापर्यंत ऐकू गेलं असेल. आईनं “हळू, हळू” म्हणून तिला चिमटा काढला. जयवंत म्हणाला, “असू दे हो.”

“पण एक अट हाय,” तानुआत्या म्हणाल्या. माझ्या हातात तो चौफुला ठेवून त्यांनी ब्लेड मागवलं. “हे उसव.”

“हे?” माझा आवाज चिरकला.

“हेच. आता ही शिवल, आमच्या म्होरं. तसा बसवायचा कोपरा, अस्तर लावायचं आन गोधडी हिच्याबरोबर धाडायची. आन तू, त्याला पुन्हा हात लावायचा न्हाईस.”

मी माझ्या हातानं माझा सगळ्यात सुंदर चौफुला उसवला. ताई चटईवर बसली आणि जिभेचं टोक बाहेर काढून तिनं चार तुकडे जोडले. जयवंत वाकून बघत होता. काम झालं तेव्हा एका बाजूनं येणारी शिवण दुसऱ्या बाजूच्या शिवणीला भेटायच्या आधीच वळली होती. तानुआत्यांनी अंगठा फिरवला आणि “बास” म्हणाल्या.

ताईचं लग्न झालं, गोधडी गेली. तानुआत्या शेवटची दोन वर्षं तीच गोधडी पांघरून असायच्या. मी जायचे तेव्हा माझा अंगठा आपोआप त्या कोपऱ्याकडं जायचा आणि मी दात आवळायचे. ताई म्हणायची, “वाजली का थंडी?”

एक्केचाळीस वर्षं अशी गेली. तोवर अस्तर तीनदा बदललं होतं. चौथ्यांदा बदलायची वेळ आली तेव्हा ताईनं गोधडी माझ्याकडं पाठवली. मी अस्तर काढलं, गोधडी उलटी केली आणि तो कोपरा समोर आला. घरात कुणी नव्हतं. तानुआत्या जाऊन वीस वर्षं झाली होती. मी ब्लेड घेतलं, उसवला आणि पंधरा मिनिटांत नीट लावून टाकला. चौफुला सुरेख आला. त्या दुपारी मला छान झोप लागली.

आठ दिवसांनी ताई गोधडी न्यायला आली. घडी उलगडली, हात कोपऱ्याकडं गेला, अंगठा फिरला आणि थांबला.

“कोपरा कुठाय?”

“तिथंच तर आहे.”

“हा माझा नव्हे.” ती खाली बसली. “पमे, पाचशे बहात्तर तुकडे तुझे होते. चार माझे होते. सगळ्या जन्मात मी शिवलेली ती एकच गोष्ट गं. आत्या शेवटी शेवटी बोलायच्या नाहीत, पण अंगठा त्याच्यावरच ठेवून झोपायच्या.”

मी कोपरा तिच्या हातातून घेतला. “परत करून देते,” मी म्हणाले. “होता तसा.”

ताई राहिली. मी उसवलं आणि बसले. पहिल्यांदा शिवलं, सरळ आलं. दुसऱ्यांदा मुद्दाम तिरकं घातलं तर ते तिरकंही एका मापात आलं, आखून काढल्यासारखं. डोळे मिटून शिवलं, बोटानं परस्पर कडा जुळवून घेतल्या. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तुकडा खिडकीत धरला, तेव्हा विटलेल्या कापडावर जुन्या भोकांच्या गर्दीत एक ओळ सगळ्यात ठळक दिसली, एक्केचाळीस वर्षं तिच्यात दोरा होता. अस्तराखाली दबून राहिलेली, इकडंतिकडं गेलेली. मग मी चष्मा लावला आणि ताईच्या एकेका भोकात सुई घालत गेले. ती जिथं वळली होती तिथं वळले, जिथं तिनं दोन टाके एकावर एक घातले होते तिथं तसेच घातले. घालताना रडू आलं. पुसलं आणि पुढं शिवलं.

ताईनं कोपरा हातात घेतला. अंगठा फिरला, सरकला, जागेवर येऊन थांबला.

“बघ,” ती म्हणाली, “जमतंय की तुला.” आणि अशी हसली की शेजारच्या बाई खिडकीत आल्या.